मोरू ड्रायव्हरचा पडदा

म्हसळ्याहून बोर्ली पंचतनला जाताना, रस्त्यापासून जरा आत, वीस-बावीस घरांची एक वाडी लागते. तिथे दुपारच्या वेळी कोणी मोरू ड्रायव्हरच्या दारात उभं राहून "मोरूभाऊ हायत का?" असं विचारलं, की सोनाबाई चुलीपासून न उठताच सांगायची, "ड्युटीवर हायत. इंदूरला माल घेऊन गेलेत." आणि मोरू असायचा तिच्यापासून दहा पावलांवर, माजघरात, लाकडी खुर्चीत, समोर कॉम्प्युटर आणि हातात प्लास्टिकचं स्टिअरिंग. नवखा माणूस चक्रावायचा. वाडीतला माणूस हसून म्हणायचा, "मग परवा येतो. इंदूर लांब हाय."

थट्टा होती, पण तिच्यात वाकडेपणा नव्हता. कारण मोरू गेम खेळत नसे, मोरू खरोखरच ड्युटी करी. बसण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. दर शनिवारी मॉनिटरच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची. गेममध्ये लाल सिग्नल लागला की थांबायचा, मागेपुढे चिटपाखरू नसलं तरी. डावीकडून ओव्हरटेक त्याने कधी केलं नाही. समोरून ट्रक आला की दिवे खालीवर करून डिपर द्यायचा, आणि समोरचा ट्रक कॉम्प्युटरचा असल्यामुळे उलट डिपर देत नसे, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. "माणुसकी न्हाय या लायनीत," असं तो सोनाबाईला सांगायचा. गेममधली गावं परदेशातली. त्यांची नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्याने त्यांना आपली नावं दिली होती. नदीकाठचं ते नाशिक, कारखान्यांचं ते इंदूर, समुद्र दिसतो ते न्हावाशेवा. पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं मात्र तो एकेक करून लावत वाचायचा, आयुष्यभर लावत आला होता तशीच.

एकतीस वर्षं मोरूने ट्रेलर चालवला. एवढ्या वर्षांत आपल्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं तो सांगायचा, आणि ते खरं असल्यामुळे कोणी वाद घालत नसे. पण धाब्यावरच्या चहात चार-चार चमचे साखर घेणारा माणूस साखरेशी वैर पत्करतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्यांतला तो नव्हता. चप्पल चावून उजव्या पायाला जखम झाली. ती भरेना. आधी दोन बोटं गेली, मग पावलाचा पुढचा भाग गेला. मालकाने घरी येऊन पेढ्यांचा पुडा दिला, तोही साखरेच्या रोग्याला, आणि म्हणाला, "मोरू, आता आराम कर." ज्याला आराम नको असतो त्याला लोक तो फार उदार मनाने देतात.

पहिलं वर्ष वाईट गेलं. मोरू पडवीत बसून दिघी बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत राही. जेवण पुढ्यात निवून जाई. बोलणं तुटलं. दोनदा तो सोनाबाईला विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. पाणी काढायला म्हणावं तर जवळ कळशी नाही, दोरी नाही. दोन्ही वेळा ती त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. तेव्हापासून तिची झोप उडाली ती उडालीच.

मग त्यांचा मुलगा गणराज, जो तळोज्याला कंपनीत शिफ्टने कामाला होता, त्याने स्वतःचा जुना कॉम्प्युटर गावी आणून टाकला. एका ऑफिसने भंगारात काढलेला तो डबा त्याने लॉकडाऊनमध्ये घेतला होता. त्यात ट्रक चालवायचा गेम टाकला, कुठूनसं वापरलेलं स्टिअरिंग आणि पेडल मिळवलं. पेडल मागे सरकू नये म्हणून सोनाबाईने जेवणाचा पाट उभा करून भिंतीला टेकवला. क्लच नव्हताच, त्यामुळे मोरू डाव्या पायाने गाडी चालवायला शिकला. आठ दिवसांत तो पोटभर जेवायला लागला. पंधराव्या दिवशी सोनाबाईवर ओरडला, कालवणात मीठ कमी म्हणून. तिने आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

तेव्हा तो कॉम्प्युटर म्हणजे त्या घरात काय होता, हे ध्यानात घ्या. पुढचं सगळं त्यावरून घडलं.

यंत्राचे भाग मोरूने आपल्या भाषेत घेतले होते. सीपीयू म्हणजे डबा. मॉनिटर म्हणजे पडदा. लहानपणी जत्रेत पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवत. चित्र ज्याच्यावर दिसतं तो पडदा, एवढी त्याची समज, आणि ती काही चुकीची नव्हती.

दोन वर्षं ड्युटी सुरळीत चालली. मग दिवाळीच्या सुमारास रस्ता पुसट व्हायला लागला. लांबची पाटी जवळ आल्याशिवाय लागेना. कधी काळे ठिपके, माशा फिराव्यात तसे. कधी रस्त्याची सरळ पांढरी रेघ मध्येच लचकायची. मोरूने चष्मा पुसला, मग मॉनिटर पुसला, मग सोनाबाईला चुलीचा धूर कमी करायला लावला. गाडी बिघडली की आधी गाडी बघायची, ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी, हे त्याचं एकतीस वर्षांचं शास्त्र. दिवा मंद लागला तर ड्रायव्हर वायर तपासतो, काच पुसतो. स्वतःचे डोळे तपासत नाही.

सोनाबाईला मात्र शंका आली. बोर्लीच्या शाळेत कुठल्याशा ट्रस्टचं फुकट नेत्रतपासणी शिबिर होतं, तिथे ती त्याला रिक्षाने घेऊन गेली. दोन वर्गांत मिळून तीनशे माणसं बसलेली. मुंबईहून आलेली तरुण डॉक्टरीण सकाळपासून उभी होती, आणि तिचा घसा बसला होता.

"काय त्रास होतो, काका?"

"त्रास काय न्हाय. गाडी चालवताना रस्ता पुसाट दिसतो."

"या पायाने गाडी चालवता?"

"कॉम्प्युटरवर चालवतात," सोनाबाई लाजत म्हणाली. रांगेतले चार जण हसले.

डॉक्टरणीने डोळ्यांत औषध घातलं, अर्ध्या तासाने बत्ती मारून आत बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मोरूने विचारलं, "मोतीबिंदू न्हाय ना?"

"नाही, मोतीबिंदू नाही. पण पडदा खराब झालाय, काका. वेळीच बघून घ्या. इथे नाही होणार, पनवेलला नाहीतर मुंबईला जावं लागेल. उशीर केलात तर मग काही हाती राहणार नाही. साखर सांभाळा." तिने एका कागदावर इंग्रजीत चार ओळी खरडल्या, कागद सोनाबाईच्या हातात दिला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

झालं. घात झाला तो इथे, भर दिवसा, तीनशे माणसांच्या देखत. डॉक्टरणीच्या लेखी पडदा एकच, डोळ्याच्या मागचा. मोरूच्या लेखीही पडदा एकच, माजघरातला. वाडीत म्हाताऱ्यांचे डोळे जात ते मोतीबिंदूने. दुसऱ्या कशाने जातात हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मोतीबिंदू नाही म्हणजे डोळे ठणठणीत, आणि रस्ता पुसट दिसतो तो पडद्यामुळे. डॉक्टरच सांगतेय! तिला दोष द्यावा तर ती शब्दानेही खोटं बोलली नव्हती. यांना द्यावा तर यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

"कशी हुशार पोरगी," परतताना रिक्षात सोनाबाई म्हणाली. "डोळ्यात बत्ती मारून कॉम्प्युटरचं दुखणं वळखलंन."

"त्याचाच उजेड जातो ना रोज डोळ्यात," मोरू म्हणाला. "कळणारच."

कागद रेशनकार्ड आणि लाइटबिलाच्या पिशवीत गेला. संध्याकाळी गणराजचा फोन आला. तो शिफ्टवरून सुटून बसच्या रांगेत उभा होता, मागे गाड्यांचा कल्ला. "काय म्हणाले डॉक्टर?"

"मोतीबिंदू न्हाय म्हणाली. कॉम्प्युटरचा पडदा तेवढा खराब झालाय."

गणराज हसला. "हे पण डॉक्टर बघतात होय? बरं, रितेशकडे दाखवा." पोरगा वाईट नव्हता, दमलेला होता. पण त्या वेळी त्याने एक प्रश्न जास्त विचारला असता तर!

रितेशचं दुकान बोर्लीच्या बाजारात. मोबाइल दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर, सगळं एकाच टेबलावर. पंचविशीतला सरळ पोरगा. मोरूने मॉनिटर चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला. रितेशने तो लावून बघितला आणि म्हणाला, "काका, पडद्याला काही झालेलं नाही. एकदम चांगला आहे."

"मग ठिपके दिसतात ते?"

"कसे ठिपके?"

"काळे. फिरतात. रेघ बी लचकते मध्येच."

रितेशने मान हलवली. "मग ग्राफिक्स कार्ड. चित्र तेच काढतं. कार्ड मरायला आलं की असंच होतं, ठिपके येतात, रेघा वाकड्या होतात. तुमचं कार्ड दहा वर्षांचं आहे, दोन जीबीचं." यात त्याने एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. कार्ड खरंच जुनं होतं, आणि मरणारं कार्ड खरंच असंच वागतं.

रितेश गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालणारा नव्हता, हेही इथे आडवं आलं. लुच्चा असता तर पहिल्याच दिवशी नवं कार्ड गळ्यात मारून मोकळा झाला असता, आणि चूक आठवड्यात उघडी पडली असती. हा म्हणाला, आधी स्वस्तातलं करून बघू. डबा मागवून घेतला, उघडला, आतली वीतभर धूळ झाडली, पंखा साफ केला. डिसेंबर त्यात गेला. मग कार्डाखालची वाळलेली पेस्ट काढून नवी लावली. मग गेममधली झाडं कमी केली, सावल्या बंद केल्या, म्हणजे कार्डावर भार कमी येईल. दरवेळी रितेशला दुकानात चित्र नीट दिसायचं. दरवेळी तो विचारायचा, "आता बरं आहे का, काका?" आणि मोरू म्हणायचा, "जरा बरं हाय." तेवढी मेहनत केलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं? घरी गेल्यावर मात्र ठिपके असायचेच. "तुमच्याकडे तापल्यावर येत असतील," रितेश फोनवर म्हणायचा.

जानेवारीत ठरलं, कार्डच बदलायचं. नव्याची किंमत ऐकून मोरूने फोन दुसऱ्या कानाला लावला. रितेशने वापरलेलं शोधायला घेतलं. अडचणी एकीतून एक निघत गेल्या. ऑफिसचा डबा बुटका, मोठं कार्ड मावेना. आतला वीज पुरवणारा खोका अशक्त, त्यामुळे वेगळी वायर मागणारं कार्ड चालेना. एक स्वस्तात मिळत होतं, पण रितेश नको म्हणाला. इंटरनेटवरच्या डिजिटल नाण्यांच्या मायनिंगमध्ये दिवसरात्र राबवलेलं होतं.

"खाणीतली गाडी घेऊच नये," मोरूला ते लगेच पटलं. "वरून रंग मारतात, इंजिन खाल्लेलं असतं."

शेवटी कल्याणच्या एका माणसाकडे चार जीबीचं, आखूड, वेगळी वायर न लागणारं कार्ड सापडलं. तो माणूस आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. फेब्रुवारी संपला. या सगळ्या दिवसांत मोरूच्या डोळ्यांमागे काय चाललं असेल, याचा विचार केला की जीव गुदमरतो. तो मात्र खुशीत होता. कार्ड येणार, रस्ता साफ होणार. तोवर तो हळू चालवत होता, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांच्या मागे मागे. अंगणात दोनदा ठेचकाळला, तर सोनाबाईने अंगणातले दगड उचलले.

कार्डासाठी तिने शेळी विकली, दोन पिल्लांसकट. मोरू नको म्हणत होता. ती म्हणाली, "डॉक्टरनी सांगितलंय. उशीर करू नका म्हणाली व्हती." तिच्या दृष्टीने ते कार्ड औषध होतं. विहिरीच्या काठावर बसलेला नवरा पुन्हा बघायचा नाही, यासाठी तिने चार शेळ्यासुद्धा विकल्या असत्या.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात रितेश स्वतः मोटारसायकलवरून कार्ड घेऊन आला. दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. त्याने डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळला. मग झाडं, सावल्या, सगळं परत चालू केलं आणि गेम लावला.

सोनाबाई मागे उभी होती. तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती. लांब डोंगर, त्यावर ढगाची सावली. पुढे चाललेल्या ट्रकच्या ताडपत्रीची दोरी सुटून वाऱ्याने हलत होती, तीही दिसत होती. "तुमी बसा, तुमी बसा," ती मोरूला म्हणाली.

मोरू बसला. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. थोडा वेळ चालवलं.

"कसं वाटतंय, काका?"

"झकास हाय." मग जरा थांबून, "धुकं कदी जाणार?"

"कुठे धुकं? दुपार आहे गेममध्ये. ऊन पडलंय."

"ऊन व्हय," मोरू घाईने म्हणाला. "ऊन हायच."

रितेश खुर्चीजवळ सरकला. त्याने मोरूला गाडी पुढच्या ट्रकच्या मागे थांबवायला सांगितली. त्या ट्रकची नंबरची पाटी आता हातभर अंतरावर होती, पिवळी, त्यावर काळी जाड परदेशी अक्षरं. "काका, पुढच्या गाडीचा नंबर सांगा."

"एम एच शून्य सहा," मोरू पटकन म्हणाला. जन्मभर त्याच्या पुढे जी गाडी चालली तिच्यावर बहुतेक तेच असायचं, रायगडचं पासिंग.

"पुढे?"

"पुढं..." मोरू पुढे झुकला. चेहरा मॉनिटरला टेकेल इतका. "पुढं चिखल लागलाय पाटीला."

रितेशने सोनाबाईकडे बघितलं. तिचे डोळे पाटीवरच होते. तिला अक्षर येत नव्हतं, पण चिखल नाही हे दिसत होतं.

"काकी, त्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं होतं का?"

तिने पिशवी आणली. रितेशने कागद वाचला. एकदा वाचला, मग फोनवर एक शब्द टाकून शोधला, मग पुन्हा वाचला. त्याचा चेहरा उतरला. चार महिने तो याच माणसाला "आता बरं आहे का" विचारत होता. "उद्याच्या उद्या पनवेलला जा," एवढंच तो म्हणाला. मजुरी न घेता, स्क्रू-ड्रायव्हर तिथेच विसरून निघून गेला.

गणराज पनवेलला स्टँडवर येणार होता, पण त्याला रजा मिळाली नाही. दोघंच हॉस्पिटलात गेले. चार यंत्रांपुढे बसवून झालं. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी आत बोलावलं. पिकलेल्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस.

"इतके दिवस कुठे होतात? पडदा पार गेलाय. उजवीकडे तर काही उरलेलं नाही. डाव्या डोळ्याची कडेची नजर राहिली तर राहील. तीसुद्धा किती, सांगता येत नाही."

सोनाबाई पुढे सरसावली. तिला वाटलं, साहेबांना पूर्ण हकिगत ठाऊक नाही. "पडदा न्हाय, सायेब. पडदा चांगला हाय. तुमच्याच डॉक्टरनी सांगितलं व्हतं, तसा आमी लगोलग बघून घेतला. बोर्लीला दाखवला. मग आतलं कार्ड बदललं. शेळी इकून..."

"कसलं कार्ड?" डॉक्टरांनी विचारलं.

ती सांगायला लागली आणि सांगता सांगता अडखळली. डॉक्टरांनी टेबलावरचा कागद ओढला, पेनाने एक मोठा गोल काढला, आणि गोलाच्या मागच्या कडेवर जाड रेघ ओढली. "हा डोळा. आणि हा त्याचा पडदा. आत, मागे."

"काय काढलं त्यांनी?" मोरूने विचारलं.

कागद त्याच्या पुढ्यातच होता.

"गोल," सोनाबाई म्हणाली.

खोलीत पंखा चालू होता. मोरूला समजायला गोल दिसण्याची गरज नव्हती. मग तो म्हणाला, "म्हणजे गाडी चांगली व्हती. गाडीत बिघाड नव्हताच."

"त्या वेळी आला असतात तर लेझर करून बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण डॉक्टर लोकांना खरं सांगायची सवय असते.

परतीच्या एसटीत मोरू खिडकीशी बसला. माणगावला गाडी थांबली तेव्हा त्याने आवाजावरून ओळखलं, की ड्रायव्हर क्लच अर्धाच दाबतोय, आणि म्हणाला, "पोरगा नवीन हाय." सोनाबाईने पदर तोंडात धरला. आपण तो शब्द घरी कसा आणला, फोनवर पोराला कसा सांगितला, पडदा, पडदा, हे ती घाटभर घोकत होती. तिला कोणी दोष दिला नाही. मोरूने तर नाहीच. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मोरू पडवीतच बसायला लागला. डाव्या डोळ्याने कडेचं थोडं दिसे, म्हणजे ऊन-सावली कळे, माणूस आला हे कळे, कोण ते आवाजावरून. जेवण पुन्हा निवायला लागलं. गणराज दोन दिवस येऊन राहिला. बाबांशी काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून आईला म्हणाला, कार्ड विकून टाकू, निदान थोडे पैसे सुटतील. "हात लावलास तर बघ," सोनाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पोरावर अशी खेकसली.

ती विहिरीला भ्यायली होती. पाणी आणायला गेली तरी मागे वळून बघत बघत जायची, तो पडवीत आहे ना म्हणून. आणि एका दुपारी तो पडवीत नव्हता. ती भरली कळशी टाकून धावली. तो घरामागच्या परड्याच्या कुडाजवळ सापडला, हाताने कूड चाचपत, विहिरीच्या बाजूला चाललेला. "लघवीला चाललो व्हतो," तो म्हणाला. मोरीकडची वाट दुसऱ्या बाजूला होती.

तिने त्याला आत आणलं. पडवीत बसवलं नाही, माजघरात नेलं, लाकडी खुर्चीत बसवलं. पेडलमागे पाट उभा केला. दोन वर्षं ती बघत आली होती, कुठलं बटण दाबतो, मग काय उजळतं. दोनदा चुकून तिसऱ्यांदा गेम लागला.

"ड्युटीवर जायचं न्हाय का?" ती म्हणाली.

"कसा जाऊ?"

"मी सांगते रस्ता."

त्याचे हात स्टिअरिंगकडे गेले, आणि कपाळाकडे गेले. गाडी सुरू झाली. ती त्याच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली, मान वर करून.

"सरळ हाय," ती म्हणाली. "सरळच हाय. आता डाव्या अंगाला वाकतोय. आनखी. बस, बस. आता सरळ." एकदा गाडी कठड्याला घासली, तो "हात्तेच्या" म्हणाला, आणि तिला इतका आनंद झाला की पुढचं वळण सांगायचं ती विसरलीच. पाव तास गेला. त्याचे खांदे सैल पडले. त्याने विचारलं, पुढं कोण हाय, ती म्हणाली, दुधाची गाडी हाय, लांब हाय. त्याने डिपर दिला. तिला वाटलं, निभेल हे. रोज बसेन. स्वयंपाक सकाळीच आवरीन.

"पाटी आली," ती म्हणाली. "रस्ता फुटलाय. दोन झालेत."

"काय लिवलंय?"

"निळी हाय."

"निळी असतेच. लिवलंय काय? इंदूर कुठल्या हाताला?"

ती उठली, मॉनिटरच्या जवळ गेली. शेळी आणि दोन पिल्लं देऊन आणलेल्या त्या कार्डाने पाटीवरचं अक्षर न् अक्षर धुऊन ठेवलं होतं. इतकं स्वच्छ तिने काही बघितलं नव्हतं. आणि त्यातलं एकही तिला लागत नव्हतं. गाडी पुढे सरकत होती, पाटी मोठी होत होती.

"लवकर सांग गं. काय लिवलंय?"

लग्न झाल्यापासून वाचायचं काही पुढ्यात आलं, एसटीची पाटी असो, लाइटबिल असो, औषधाची बाटली असो, की ती एकच वाक्य बोलत आली होती. तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुमीच बघा की."

मोरूने ब्रेक दाबला. गाडी दोन रस्त्यांच्या मधोमध उभी राहिली. सोनाबाईने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण बोललेलं परत घेता येत नाही. मागून एक हॉर्न आला, मग दुसरा. मोरूने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बंद कर," तो म्हणाला.

चालू कसं करायचं ते ती शिकली होती. बंद नेहमी तोच करायचा. ती एकेक बटण दाबून बघत राहिली, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या.